गोधडी, पाणी आणि दशा

नगरचा इतिहास म्हटलं की मलिक अहमदने वसवलेलं शहर, किल्ला, चांदबिबी, इथपर्यंत आपण सगळे येतो. आज मात्र मी कापडाच्या कडेबद्दल बोलणार आहे. गोधडी शिवण्याआधी कापड धुवावं का, आणि धुतलं तर त्याच्या दशा का सुटतात? हसू नका. या प्रश्नाने माझ्या आईच्या लुगड्याचा घास घेतलाय.

झालं असं, आईच्या ट्रंकेत एक कोरं सुती लुगडं निघालं. नगरच्याच मागावरचं, घडीसुद्धा न मोडलेलं. नातीसाठी गोधडी करायची ठरवली: एका बाजूला आईचं नेसून मऊ झालेलं लुगडं, दुसऱ्या बाजूला या कोऱ्याचा अर्धा भाग. पहिल्याच धुण्यात कोरी बाजू आटली, जुनी जागच्या जागी राहिली, आणि गोधडी वाळलेल्या पापडासारखी वाकडी झाली. मग शहाणपण सुचलं! उरलेला अर्धा भाग आधीच धुऊन घ्यावा म्हणून तसाच मशीनमध्ये टाकला. बाहेर आला तो शेवयांचा गुंता. कापलेल्या बाजूला चांगलं चार बोटं कापड गेलं. शेजारच्या मावशी बघून एवढंच म्हणाल्या, "तुझ्या आजीने कधी कोरं कापड गोधडीत घातलं होतं का गं?"

तिथून मी शोधायला लागले.

1884 च्या जिल्हा गॅझेटियरच्या काळात नगर, भिंगार, संगमनेर या गावांत लुगडी विणणं हा मोठा धंदा होता. साळी, कोष्टी आणि घरात तेलुगू बोलणारे पद्मसाळी हे विणकर. सूत मात्र तोवर गिरणीचं यायला लागलं होतं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मराठी मिशनच्या डी. सी. चर्चिल यांनी हातमाग भराभर चालावा म्हणून इथे नगरमध्येच सुधारित माग तयार केला. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आपल्याला हवं ते मागावरच दिसतं. उभा धागा ताणा, आडवा बाणा. ताण्याला आधी खळ देतात, तिला पांजणी म्हणतात, म्हणजे धागा ताठ होतो आणि घासून तुटत नाही. विणताना हे धागे ताणलेले असतात. पहिल्यांदा पाणी लागलं की खळ निघते, ताण सुटतो आणि कापड आखडतं. साध्या सुती कापडात शेकडा तीन ते पाच सहज. पाच फुटांच्या गोधडीत पाच टक्के म्हणजे तीन इंच!

आता कड. धोटा एका बाजूने जातो आणि वळून परत येतो, म्हणून काठाशी बाणा वळलेला असतो, तुटलेला नसतो. काठाच्या दशा कधी सुटत नाहीत. सुटतात त्या दोन टोकांना, जिथे ताणा कापून कापड मागावरून उतरवलेलं असतं.

नऊवारी म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड, आणि त्याला दोन्ही बाजूंनी अखंड काठ. बाई ते वर्षानुवर्षं नेसायची, सीनेच्या नाहीतर प्रवरेच्या काठी दगडावर आपटून धुवायची. विरलं की घड्या घालून त्याची गोधडी. म्हणजे आटण्याचं काम गोधडीच्या आधीच, नेसत्या अंगावर उरकलेलं असायचं. काठ बाहेरच्या बाजूला ठेवायचे, टोकं आत दुमडायची आणि कडेकडेने धावदोरा घालत मध्यात यायचं. तुकडा करायचा झालाच तर कात्री नाही, दातांनी चीर देऊन फाडायचं. फाडलेलं कापड धाग्याच्या रेषेत सरळ जातं. कात्री तिरकी गेली की प्रत्येक धागा आखूड तुटतो आणि पाण्यात गळून पडतो. आजीला हे कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही. तिच्याकडे बहुधा कात्रीच नव्हती.

मोडलं कुठे? कापड कापून मिळायला लागलं तिथे. गिरणीचं थान, शिंप्याकडची कातरण, 1943 नंतर कंट्रोलचं मोजून मिळणारं कापड. मग टेरिलीन, पॉलिस्टर आलं. ते आटत नाही, पण त्याचे धागे गुळगुळीत, एकमेकांना धरत नाहीत, त्यामुळे दशा सुतीपेक्षा जास्त. आता विक्रीच्या गोधड्या तर नव्याकोऱ्या कापडाच्या, चौकोन कापून जोडलेल्या. प्रत्येक तुकड्याला चार कापलेल्या बाजू आणि काठ एकालाही नाही. गिऱ्हाइकाने घरी नेऊन धुतली की बोलणी शिवणारीला बसतात, आणि पुढची ऑर्डर जाते.

म्हणून नवं कापड असेल तर धुवाच, पण तुकडे करण्याआधी, अखंड असताना. कापलेल्या टोकांना झिगझॅग शिलाई किंवा ओव्हरलॉक. मशीन नसेल तर दुमडून हाताने मोठे टाके घाला, नंतर उसवता येतात. कोपरे बोटाच्या पेराएवढे तिरके कापा, कारण गुंता तिथूनच सुरू होतो, तिथे ताणा आणि बाणा दोन्ही मोकळे असतात. गार पाण्यात भिजवा, चोळू नका, पिळू नका. मशीनमध्येच टाकायचं तर उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा. लहान कातरण बादलीत नुसती बुचकळून काढा. ओलसर असतानाच हाताने सरळ करून वाळवा, मग इस्त्री, मग कात्री. आणि मापात दोन बोटं जास्त धरा.

माझी गोधडी मी पुन्हा उसवली. कोरी बाजू एव्हाना आटून झाली होती, तेवढ्या मापाला जुनी बाजू दुमडून घेतली. ती आता नातीच्या अंगावर आहे, थोडी आखूड. मशीनमधून वाचलेल्या भागाला गोट लावून ठेवलाय.

पुढच्या वेळी येताना घरातली एखादी जुनी गोधडी घेऊन या. नक्षी नाही बघायची मला, कड बघायचीय.