जमा, खर्च आणि बाकी : दख्खनमधील अल्पभूधारक कुटुंबाचा घरखर्च

शेतकऱ्याच्या कर्जाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या घरखर्चाविषयी मात्र फार थोडे लिहिले गेले. कर्जाचे कागद सावकाराच्या पेटीत, कोर्टाच्या दफ्तरात आणि सरकारी अहवालांत जपले गेले. चुलीपाशी होणारा हिशेब तोंडीच राहिला आणि माणसांबरोबर गेला. प्रस्तुत लेखात दख्खनमधील पाच-सहा एकरांच्या धन्याचा घरसंसार कोणत्या हिशेबावर चालत होता, याचा शोध घेण्याचा अल्पसा प्रयत्न आहे. त्यासाठी छापील साधनांबरोबर आमच्या घरातील एका वहीचा आधार घेतला आहे. एका घरच्या वहीवरून साऱ्या मुलखाविषयी निष्कर्ष काढता येत नाही, याची जाणीव ठेवूनच वाचकांनी पुढील मजकूर वाचावा.

प्रथम शब्दांकडे पाहू. जमा, बाकी, हिशेब, वसूल, कर्ज हे शब्द मूळ अरबी आहेत, तर खर्च, रोजकीर्द, तंगी हे फारसीतून आले आहेत. खरीप म्हणजे अरबीत शरद ऋतू, आणि रबी म्हणजे वसंत. पेरणीवरून नव्हे, तर पीक हाती येण्याच्या वेळेवरून ही नावे पडली. सरकारातून मिळणारी ‘तगाई’ ही मूळची ‘तक़ावी’, म्हणजे बळ देणे. ‘फारकत’ हा शब्द आज नवरा-बायकोच्या संदर्भात ऐकू येतो, पण ‘फारिग़-ख़ती’ ही मूळची देणे फिटल्याची पावती होय. याउलट व्याज, सावकार, गहाण, तोटा, उसने हे आपले देशी शब्द. ‘काटकसर’ या शब्दात तर दोन्ही घराणी एकत्र नांदतात. काटणे मराठी आणि ‘कसर’ अरबी. सरकारदरबारची हिशेबाची भाषा निजामशाही-आदिलशाहीच्या काळापासून शेतकऱ्याच्या घरात कशी मुरली, याचा हा पुरावा आहे. माधव जूलियन यांचा १९२५ सालचा फारसी-मराठी कोश चाळला तरी हे सहज ध्यानात येते.

आता जमिनीकडे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली प्रसिद्ध केली. त्या गावात १७७१ साली सरासरी धारणा सुमारे ४० एकर होती. १८१८ मध्ये ती साडेसतरा एकर झाली आणि १९१४-१५ मध्ये अवघी ७ एकर उरली. १५६ खातेदारांच्या जमिनीचे ७२९ तुकडे होते आणि त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकराहून लहान होते. मॅन यांनी १०३ कुटुंबांचा जमाखर्च मांडला तेव्हा केवळ जमिनीवर ज्यांचे नीट भागते अशी ८ कुटुंबे निघाली. आणखी २८ कुटुंबांचे बाहेरच्या मजुरीमुळे भागत होते. उरलेल्या ६७ घरांचा मेळ कशानेच बसत नव्हता. १९२१ साली मॅन आणि कानिटकर यांनी जातेगाव बुद्रुक या केवळ पावसावर जगणाऱ्या गावाची पाहणी प्रसिद्ध केली. तेथील स्थिती याहूनही बिकट आढळली. (पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवडमध्ये आहे आणि तेथे जमिनीचा भाव चौरस फुटावर सांगतात. असो.)

६७ घरांचा मेळ बसत नव्हता, तर ती घरे जगली कशी? मला या आकड्यांपेक्षा हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो.

माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, उदगीरकडच्या एका खेड्यात सहा एकर जमीन कसत. उदगीर तेव्हा हैदराबाद संस्थानात, बीदर जिल्ह्यात होते. १९५६ मध्ये तो तालुका उस्मानाबाद जिल्ह्यात आला. दादा सरकारी मदरशात चार इयत्ता उर्दू शिकले होते. त्यांची वही उर्दू लिपीत आहे. भाषा मात्र आमच्या घरची दखनी, आणि शेतीचे सारे शब्द मराठी. नाडा, कासरा, वैरण, पाभर हे शब्द नस्तालीक अक्षरांत वाचताना मौज वाटते. उर्दूत ‘ळ’ नाही, त्यामुळे हळद ‘हलद’ झाली आहे आणि पोळ्याचा सण ‘पोला’ झाला आहे. वरती ७८६, उजवीकडे महिन्याचे नाव आणि फसली साल. हैदराबादचे फसली वर्ष ६ ऑक्टोबरच्या सुमारास आजूर महिन्याने सुरू होई. आजूर ते डिसेंबरअखेर फसली सालात ५९० मिळवावेत आणि पुढच्या महिन्यांसाठी ५९१, म्हणजे इसवी सन मिळतो. रुपये हाली शिक्क्याचे. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार. सोलापूरच्या पेठेतून जिन्नस आणायचा तर ही बटावणीही डोक्यात ठेवावी लागे.

वही नीट वाचली की पहिली गोष्ट ध्यानात येते, ती अशी की तीत धान्याचा खर्च जवळजवळ नाहीच. ज्वारी घरची, तूर घरची, करडईचे तेल घाण्यावरून काढून आणलेले. सुतार, लोहार, चांभार, न्हावी यांचे देणे खळ्यावर बलुत्याने फिटे. आमच्या घरी तर उलट थोडेसे येतही असे, कारण मुलाणकीचा एक वाटा आमच्याकडे होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ सालच्या ग्रंथात या देवघेवीचे तपशीलवार वर्णन आहे. रोकड लागे ती मोजक्या बाबींना: सरकारी किस्त, मीठ, कापड, गूळ-चहा, बैल, लग्न आणि औषध. म्हणजे या घराचे दोन खजिने होते. एक पेवातला, मण-पायलीत मोजायचा. दुसरा कनवटीचा, रुपये-आण्यांत मोजायचा. पेवातला भरलेला असूनही कनवटीचा रिकामा असू शकतो, आणि अल्पभूधारकाचे सारे दुखणे या दोहोंच्या सांध्यावर होते.

किस्त ठरलेल्या तारखेला आणि रोख भरायची. पीक त्याच सुमारास सगळ्यांचेच बाजारात येणार, म्हणून भाव पडलेला. जुलै ते सप्टेंबर, म्हणजे शहरेवर, मेहेर आणि आबान या महिन्यांत, पेव खाली गेलेले, रब्बीच्या पेरणीला बी हवे, आणि नेमका तेव्हा भाव चढलेला. स्वस्त असताना विकायचे आणि महाग असताना घ्यायचे, हे चक्र माणूस आळशी किंवा उधळ्या आहे म्हणून फिरत नव्हते.

या चक्रात धान्याचे कर्ज दोन प्रकारे मिळे. उदाहरणादाखल आषाढात ज्वारी ४ रुपये मण आणि सुगीत ३ रुपये मण धरू. दिढीने एक मण घेतला तर सुगीत दीड मण परत करायचा. ऐकायला हे व्याज भयंकर वाटते, पण परत दिलेल्या दीड मणाची किंमत साडेचार रुपये. म्हणजे चारावर आठ आणे वाढ. दुसरा प्रकार दिसायला सौम्य. सावकार तोच मण आषाढाच्या भावाने चार रुपये रोख म्हणून वहीत बांधी, वर रुपयाला चार आणे धरून पाच करी आणि सुगीत वसुली घेई ज्वारीतच, खळ्यावरच्या तीन रुपये भावाने. पाच रुपयांची ज्वारी झाली १ मण ८ पायल्या. (मणाच्या बारा पायल्या धरल्या आहेत, ही मापे गावोगाव बदलत.) म्हणजे ‘पन्नास टक्के’ व्याज स्वस्त आणि ‘पंचवीस टक्के’ महाग. निरक्षर कुणब्याला दिढी का पसंत पडे, याचे उत्तर यात आहे. त्याला टक्का कळत नसेल, पायली कळत होती.

हाच प्रश्न ब्रिटिश मुलखात आधीच पेटला होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचा भाव चढला, मागाहून तो कोसळला, आणि त्याच सुमारास पुणे जिल्ह्यातील फेरआकारणीने सारा वाढला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सावकारांच्या घरांवर लोक चालून गेले, तेव्हा त्यांना प्रामुख्याने हवे होते कर्जरोखे आणि वह्या. ते त्यांनी जाळले. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात पावती देणे, वर्षाचा हिशेब देणे आणि मागितल्यास पासबुक भरून देणे हे सावकारावर बंधनकारक केले गेले. कायद्याची ही कलमे मला नेहमी विशेष वाटत आली आहेत. दंगलीच्या मुळाशी कर्जाच्या ओझ्याइतकेच हिशेब न दिसण्याचे दुःखही होते, हे त्यांतून सरकारने मान्य केले. परंतु पासबुक मागायला माणूस सावकाराच्या दारी उभा राहायचा, आणि पुढच्या आषाढात त्याच दारी पुन्हा यायचे, हे ध्यानात घेता किती जणांनी ते मागितले असेल, याची कल्पना करता येते.

वहीत नसलेला हिशेब माझ्या दादीचा. तिला अक्षरओळख नव्हती. माजघराच्या भिंतीवर ती चुन्याची बोटे उमटवी. एक बोट एक पायली, आणि पाच बोटांवर आडवी रेघ. कोंबड्या, अंडी आणि अर्धलीने पाळलेल्या शेळ्या यांचा पैसा दादांच्या वहीत ‘जमा’ बाजूला कधीच आला नाही. मीठ, बांगड्या, मुलांची पाटी, दर्ग्याचा नियाज, हे त्यातून होई. दादांच्या खर्चाच्या पानांवर मीठ सात-सात महिने दिसत नाही, तेव्हा घर अळणी जेवत होते असे मानता येणार नाही. तिने एक नियमही केला होता: बियाण्याची कणगी शेणाने लिंपून बंद केली की ती ईद असो वा मयत असो, पेरणीआधी फोडायची नाही. ‘पेट दुश्मन है, उसकू नै बताना,’ असे ती म्हणे.

दुसरी बचत माणसांतून होई. सहा एकराला बैलजोडी पोसणे परवडत नाही, आणि जोडीवाचून सहा एकर पेरले जात नाहीत. त्यावर तोड म्हणून दादांचा एक बैल आणि शेजारच्या पाटलांच्या भाऊबंदांपैकी एकाचा दुसरा, अशी जोडी जुंपली जाई. खुरपणीला सावड, नांगरटीला इर्जिक, म्हणजे गावच्या औतांना बोलवायचे आणि मजुरीऐवजी जेवण द्यायचे. वहीत एके ठिकाणी इर्जिकीच्या जेवणाचा गूळ आणि डाळ लिहिलेली आहे, तेवढाच त्या नांगरटीचा रोख खर्च.

फसली १३५७ च्या आबान महिन्यापासून पाने कोरी आहेत. आबान १३५७ म्हणजे सप्टेंबर १९४८. त्याआधीच्या वर्षभरात रझाकारांच्या जुलमाने मराठवाड्यातील हिंदू गावकरी होरपळले होते. पोलीस कारवाईनंतर बीदर, उस्मानाबाद, नांदेड आणि गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले, ते पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने नमूद केले आहे. आमचे घर तीन महिने बीदरला नात्यात होते. बहमन १३५८ पासून वही पुन्हा सुरू होते. शाई वेगळी आहे. पहिली नोंद जमेची आहे: ज्वारीची निम्मी रास, ‘सांझेदाराकडून’. शेजाऱ्याने आमच्या माघारी दोन्ही वाटे पेरले होते आणि खळ्यावर निम्मे मोजून ठेवले होते. त्याच्या खालच्या ओळीत खर्च आहे, कुलुपाचा. त्या साली वैरणीची नोंद नाही, कारण बैल राहिला नव्हता. तो कोठे गेला, हे घरात कोणी सांगितले नाही आणि मीही फार विचारले नाही.

दादांच्या मागे सहा एकरांचे जे झाले, ते सर्वत्र होते. वाटणीचे गणित येथे थोडक्यात मांडतो. समजा आठ एकर जमीन आहे, मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. फ़राइज़प्रमाणे पत्नीला अष्टमांश म्हणजे १ एकर. उरलेल्या सातातून प्रत्येक मुलग्याला २ एकर ३२ गुंठे आणि मुलीला १ एकर १६ गुंठे. १९३७ च्या शरियत कायद्याने शेतजमीन वगळली होती, आणि व्यवहारात बहिणी हक्क सोडून देत आल्या, हे आपल्या समाजात सर्वांना ठाऊक आहे. जमिनीचे तुकडे टाळण्यासाठी हे आवश्यक होते, असे समर्थन केले जाते. पण तुकडे भावांतही पडतच होते, ते कोणी टाळले नाहीत. मुंबई प्रांताने १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा केला. तो कागदावर राहिला आणि शेतात बांध पडत गेले. आमच्या फुफ्फूने हक्कसोड लिहून दिली, तेव्हा तिला एक शेळी आणि लुगडे मिळाले. ही नोंद वहीत आहे, आणि ती ‘खर्च’ या बाजूला आहे.

वहीची शेवटची पाने १९७२ च्या दुष्काळातील. लिपी तीच, पण आता इंग्रजी महिने आणि नवे पैसे. ज्वारी विकत घेतल्याची नोंद तीत प्रथमच दिसते: रेशनवरची तांबडी मिलो. त्या वर्षी दादा, दादी आणि माझे वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. जमेच्या बाजूला आठवड्याची मजुरी तिघांची वेगवेगळी लिहिली आहे. दादीचे नाव त्या वहीत तेथे पहिल्यांदा येते. तिच्या नावापुढे दादांनी रक्कम लिहिली आहे आणि खाली, खोडून पुन्हा, ‘बाकी’ असे लिहून जागा मोकळी सोडली आहे.