शाहिरी आणि सातव्या दशकातील विद्रोहगान : जालन्याच्या संदर्भात

जुलै १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत-महोत्सवात बॉब डिलन याने विजेची गिटार वाजविली, तेव्हा काही श्रोत्यांनी उघड निषेध केला. लोकगीताचे जुने रूप राखावे की बदलावे, हा त्या वादाचा गाभा होता. मराठी शाहिरीने या प्रश्नाचा निकाल तत्पूर्वीच लावला होता. अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभारले. अण्णा भाऊंनी तमाशातील गण राखला. मात्र गणेशस्तवनाच्या जागी मातृभूमीचे वंदन आणले. 'माझी मैना' या छक्कडीत विरहाच्या भाषेतून संयुक्त महाराष्ट्राची मागणी व्यक्त झाली.

जालना परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथील राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. 'शाहीर' व 'जलसा' हे दोन्ही शब्द मूळचे अरबी. परंतु सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी 'जलसा' या शब्दास जातिव्यवस्थेच्या प्रतिकाराचा अर्थ दिला.

अमेरिकेतील विद्रोहगानाचा श्रोता बहुतांशी सुस्थितीतील तरुण होता. येथील शाहिरीचा श्रोता गिरणीकामगार, शेतमजूर व दलित होता. जुलै १९६९ मध्ये अण्णा भाऊ आणि ऑगस्टमध्ये अमर शेख निवर्तले. त्याच ऑगस्टमध्ये वुडस्टॉकचा महोत्सव भरला. म्हणून त्या दशकाच्या विद्रोहाचा इतिहास लिहिताना मराठी अभ्यासकाने गिटारीआधी डफाचा विचार करणे युक्त ठरेल.