उष्मांकांचे भाकीत आणि सुखात्म्यांचा आक्षेप

पालीच्या बल्लाळेश्वराला मोदकाऐवजी बेसनाच्या लाडवाचा नैवेद्य दाखवण्याची प्रथा आहे. माघी उत्सवात आम्ही मराठी शिकवणारे चौघे दर्शन घेऊन बाहेर पडलो, तेव्हा हातात अर्थातच लाडू होते. आमच्यापैकी एकाने तो तोंडात टाकण्याआधी खिशातून भ्रमणध्वनी काढला. उष्मांक मोजणाऱ्या अ‍ॅपमध्ये ‘बेसन लाडू’ शोधल्यावर तीन नोंदी निघाल्या, तिघींचे आकडे वेगळे. त्याने सर्वांत कमी आकड्याची नोंद निवडली. आम्ही हसलो. पण रात्री जेवणाची नोंद पूर्ण झाल्यावर त्याच पडद्यावर एक वाक्य उमटले: रोज असेच खाल्लेत तर ५ आठवड्यांनी आपले वजन अमुक इतके असेल. या वाक्याला मात्र कोणी हसले नाही. आमच्या मित्राचा त्यावर विश्वास होता, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही ते पटल्यासारखे वाटले. प्रस्तुत टिपण त्या वाक्याच्या पूर्वपीठिकेचा शोध आहे.

वजन करणे आपल्याला नवे नाही. याच जिल्ह्यात, रायगडावर, १६७४ साली राज्याभिषेकप्रसंगी शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली. तेथे उपस्थित असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याने तिचे वजन सुमारे १६,००० पगोडा नोंदवले आहे. आजही नवस फेडताना लेकराची गूळतुला होते. तुला देहाचे आजचे वजन सांगते आणि तेवढे दान मागते. उद्याविषयी ती अवाक्षर काढत नाही. देहाच्या उद्याचे गणित मांडता येईल, ही कल्पना फार अलीकडची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर याने अन्नपदार्थांचे उष्मांक पद्धतशीरपणे मोजले. १९१८ मध्ये लुलू हंट पीटर्स या डॉक्टर बाईंनी बारीक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी पुस्तक लिहून पोळीऐवजी उष्मांक मोजून खाण्याचा धडा घालून दिला. १९५८ मध्ये मॅक्स विश्नोफ्स्की या न्यूयॉर्कच्या डॉक्टरने हिशेबाला सूत्ररूप दिले: ३,५०० उष्मांकांची तूट म्हणजे एक पौंड वजन कमी. किलोच्या भाषेत हा आकडा सुमारे ७,७०० होतो. या सूत्राने रोज ५०० उष्मांक कमी खाणारा माणूस वर्षभरात जवळजवळ २४ किलोंनी उतरायला हवा. भागाकार अचूक आहे. चूक आहे ती देहाला बँकेच्या खात्यासारखे मानण्यात. वजन उतरले की देहाचा खर्चही उतरतो. लहान झालेला देह कमी ऊर्जेत चालतो, म्हणून पहिल्या महिन्यातली तूट दहाव्या महिन्यात तेवढी तूट राहत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सुधारित गणित मांडले. त्यांच्या ढोबळ नियमानुसार अतिरिक्त वजनाच्या सरासरी प्रौढाने आहारात रोज २४ उष्मांकांची कायमची घट केली, तर अखेरीस सुमारे एक किलो वजन उतरते. त्यातले निम्मे पहिल्या वर्षात उतरते, आणि जवळजवळ सगळे उतरायला तीन वर्षे लागतात. म्हणजे ५०० उष्मांकांच्या तुटीला पहिल्या वर्षी २४ नव्हे, सुमारे १० किलो. तेही नोंद खरी असेल तर! १९९२ च्या एका प्रसिद्ध अमेरिकन अभ्यासात, ‘कमी खाऊनही वजन हलत नाही’ असे सांगणाऱ्या स्थूल व्यक्तींनी आपला आहार सरासरी ४७ टक्क्यांनी कमी नोंदवल्याचे आढळले. यात लबाडीच असते असे नाही. लाडू कोणाच्या हातचा, तूप किती सढळ, हे कोणत्याही कोष्टकाला ठाऊक नसते; आणि तीन नोंदींतून सर्वांत लहान आकडा निवडणारा हात आम्ही पालीत पाहिलाच आहे.

पण उष्मांकांच्या ठाम रेषेविषयीची शंका ऐकायला मराठी वाचकाला २०११ पर्यंत थांबण्याचे कारण नव्हते. ती पुण्यात तीस वर्षे आधीच उपस्थित झाली होती, आणि तिचा विषय स्थूलता नसून उपासमार हा होता.

१९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला माणशी २,२५० उष्मांक मिळवून देणारा किमान खर्च कोणता, या प्रश्नावर त्यांनी दारिद्र्याची रेषा आखली. १९६०-६१ च्या किमतींनुसार ती ग्रामीण भागात महिन्याला १५ रुपये आणि शहरात २२ रुपये ५० पैसे अशी होती. देशाचे दारिद्र्य मोजण्याच्या कामात उष्मांकाला मध्यवर्ती स्थान मिळाले, त्यात या अभ्यासाचा वाटा मोठा होता.

पां. वा. सुखात्मे यांनी या पद्धतीला आक्षेप घेतला. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले हे संख्याशास्त्रज्ञ जागतिक अन्न व कृषी संघटनेत दीर्घकाळ काम करून पुण्यात परतले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. एकच माणूस, तेच काम, तेच वजन. तरीही त्याचा आहार आठवड्यागणिक बराच बदलतो. एका आठवड्यात कमी खाल्ले म्हणजे तो कुपोषित होत नाही, दुसऱ्यात जास्त खाल्ले म्हणजे स्थूल होत नाही. देह खर्चाचे प्रमाण स्वतः सांभाळून घेतो. म्हणून गरज हा एक आकडा नसून एक पट्टा आहे, आणि सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण भुकेला ठरवणे हे संख्याशास्त्राच्या दृष्टीने चूक आहे. शेल्डन मार्गेन यांच्यासह १९८२ मध्ये त्यांनी हा विचार अमेरिकन पोषणपत्रिकेत मांडला.

वाद पेटला, आणि तो पेटणे योग्यच होते. पट्ट्याची खालची कड हीच रेषा मानली, तर कोट्यवधी माणसे कागदावर एका रात्रीत दारिद्र्यातून बाहेर पडतात. स्वतः दांडेकरांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये सुखात्म्यांशी वाद घातला. पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनीही या युक्तिवादाला कडाडून विरोध केला. देह कमी अन्नात जुळवून घेतो हे खरे, पण कशाच्या मोबदल्यात, हा खरा प्रश्न होता. त्याचे एक उत्तर अमेरिकेत आधीच मिळाले होते. १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी मिनेसोटात ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, देहाचा खर्चही बराच खाली आला. आणि त्याबरोबर उत्साह गेला, एकाग्रता गेली, मनात अन्नावाचून दुसरा विषय उरला नाही. देह जुळवून घेतो, पण फुकट नाही.

सुखात्म्यांचा विचार भुकेल्याला लावताना हात थरथरावा, असेच आम्हाला वाटते. कमी मिळणे ही त्याची निवड नसते. मात्र ज्याने स्वतः होऊन ताट आखडते घेतले आहे, त्याला त्यातला अर्धा भाग मोठा दिलासा देणारा आहे: आठवड्याचा आकडा हा निकाल नव्हे. दोन्हीकडे देह तोच, स्वभाव तोच. आकडा कोणावर सत्ता गाजवतो, एवढाच फरक.

आता भाकिताच्या प्रेरणेविषयी. आमच्या मित्राचे वजन पहिल्या दोन आठवड्यांत झपाट्याने उतरले. आरंभीच्या अशा घसरणीत पाण्याचा वाटा मोठा असतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. पुढचे तीन आठवडे काटा जागचा हलला नाही. भाकिताची तारीख आली आणि गेली. मग त्याने काय सोडले? कमी जेवणे त्याने नंतर सोडले. आधी नोंदवही सोडली. टोरांटोच्या जॅनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन यांनी या चक्राला ‘खोट्या आशेचे’ दुखणे म्हटले आहे: अवास्तव अपेक्षा, अपयश, स्वतःला दोष, आणि पुन्हा नवा संकल्प. मोठे उद्दिष्ट ठेवल्याने माणूस हमखास खचतो, असे मात्र नाही. २०१३ मध्ये काही वैद्यकीय संशोधकांनी तो समज निराधार ठरवला. आमच्या मते घाव आशेच्या आकाराने बसत नाही, तिला तारखेची खात्री चिकटवल्याने बसतो.

उलट, नोंद ठेवण्याच्या बाजूने पुरावा बरा आहे. लोरा बर्क आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये घेतलेल्या आढाव्यात, आहाराची स्वतः नोंद ठेवणे आणि वजन उतरणे यांचा संबंध पुन्हा पुन्हा दिसला. अभ्यास फार भक्कम नव्हते, पण कल एकाच दिशेचा होता. म्हणजे ज्या भाकितावर आपला जीव जडतो ते कच्चे, आणि ज्या रोजकीर्दीचा कंटाळा येतो ती उपयोगाची, असा हा उलटा व्यवहार आहे.

मित्राने पुन्हा नोंद सुरू केली आहे. अ‍ॅपमधल्या भाकिताकडे तो आता पाहत नाही. वजन महिन्यातून एकदाच, संकष्टीच्या सकाळी, उपाशीपोटी करतो, आणि तीन संकष्ट्यांचे आकडे शेजारी मांडल्याखेरीज त्यांवर बोलत नाही. सुखात्म्यांचे नाव त्याने आमच्याकडूनच प्रथम ऐकले. बेसनाच्या लाडवासाठी मात्र तो हल्ली तिन्ही नोंदींतला मधला आकडा घेतो.