लॅपटॉपमधील स्मृतिवर्धन : एका सोयीचा इतिहास

यंत्रांचा इतिहास लिहिताना शोधकांची नावे आणि शोधांची साले यांवर भर देण्याची आपली प्रथा आहे. यंत्र विकत घेतल्यानंतर त्यात फेरफार करण्याचा अधिकार कोणाच्या हाती राहिला, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षितच राहतो. लॅपटॉप संगणकाची स्मृती, म्हणजे व्यवहारात जिला 'रॅम' म्हणतात ती, पुढे वाढविता येण्याची सोय कशी निर्माण झाली व ती का आकसत गेली, याचा विचार प्रस्तुत लेखात याच दृष्टीने करावयाचा आहे.

या सोयीचे महत्त्व समजण्यासाठी एक गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. संगणक बहुधा झिजून निकामी होण्याआधीच अपुरा पडतो. १९९५ सालच्या विंडोज ९५ या प्रणालीस किमान ४ मेगाबाइट स्मृती लागे; २००१ सालच्या विंडोज एक्सपीस ६४ मेगाबाइट लागू लागली; आणि २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ची किमान अपेक्षा ४ गिगाबाइटची होती. सव्वीस वर्षांत ही किमान मर्यादा हजारपटीहून किंचित अधिक वाढली. अशा स्थितीत ज्या यंत्राची स्मृती वाढविता येते त्याचे आयुष्य काही वर्षांनी लांबते. ज्याची वाढविता येत नाही त्याचे आयुष्य खरेदीच्या दिवशीच बव्हंशी ठरून जाते.

स्मृतीच्या चिपा मदरबोर्डवर एकेक बसविण्याऐवजी त्या एका लहानशा पट्टीवर एकत्र बसवाव्यात, आणि ती पट्टी खाचेत घालता-काढता यावी, ही कल्पना १९८३ साली अमेरिकेतील वँग लॅबोरेटरीज या कंपनीत आकारास आली. या पट्टीस पुढे 'सिम' हे नाव रूढ झाले. तीवर नऊ चिपा असत. आठ माहितीसाठी व एक चूक ओळखण्यासाठी. इतिहासाच्या दृष्टीने पट्टीपेक्षाही तिचा पुढील प्रवास अधिक बोलका आहे. वँग ही स्मृतीची मोठी खरेदीदार होती. अनेक कारखान्यांनी एकच पट्टी तयार केली तर ती स्वस्त पडेल, हे ओळखून तिने आपला आराखडा जेडेक या प्रमाणसंस्थेपुढे ठेवला आणि चिपा बनविणाऱ्या कंपन्यांना त्या पट्ट्या तयार करण्यास उद्युक्त केले. मात्र आपण पेटंटसाठी अर्ज करीत आहोत, हे तिने त्या संस्थेस सांगितले नाही. पुढे तिने याच पेटंटांच्या आधारे दावे लावले. तोशिबा व एनईसी यांच्याविरुद्धचा निकाल १९९३ साली अपिलात तिच्या बाजूने कायम झाला; परंतु १९९७ साली मित्सुबिशीच्या प्रकरणात, वँगच्या स्वतःच्या वर्तनातूनच त्या कंपनीस गर्भित परवानगी मिळाली होती, असे न्यायालयाने मानले.

तात्पर्य असे की, अदलाबदल करता येणारी स्मृती निर्माण झाली ती एका मोठ्या खरेदीदाराच्या काटकसरीतून. सामान्य ग्राहकाचे हित त्या वेळी कोणाच्या डोळ्यांपुढे होते, असे दिसत नाही. ते हित मोठ्या खरेदीदाराच्या हिताशी योगायोगाने जुळले, इतकेच.

लॅपटॉपमध्ये ही व्यवस्था काहीशी उशिरा आली. १९८० नंतरच्या दशकातील लॅपटॉपांत वाढीव स्मृती बसविता येई. पण तिचे कार्ड बहुधा त्याच कंपनीचे, किंबहुना त्याच नमुन्याचे घ्यावे लागे. 'सो-डिम' या आखूड पट्टीचे प्रमाण रूढ झाले तेव्हा ही अडचण दूर झाली. सुमारे ६८ मिलिमीटर लांबीची ही पट्टी तिरकी खोचून खाली दाबली की बाजूच्या चापांत अडकते. प्रारंभी तिला ७२ पिना होत्या, नंतर १४४. आणि डीडीआर-४ च्या पिढीत ती संख्या २६० झाली. एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या खाचेत बसत नसे, ही मर्यादा होतीच. तथापि एकाच पिढीत निर्माता कोण, हा प्रश्न सहसा गौण ठरला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारपेठेत कोणत्याही कंपनीच्या लॅपटॉपची रॅम वाढवून मिळे, ती या प्रमाणामुळेच.

या सोयीचा संकोच कोठून सुरू झाला? २००८ सालच्या जानेवारीत ॲपलने मॅकबुक एअर हा लॅपटॉप पुढे आणला. त्याची २ गिगाबाइट स्मृती मदरबोर्डवरच डाख लावून पक्की केलेली होती. २०१२ सालच्या रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोमध्येही तसेच झाले. या बदलाची दोन कारणे दिली जातात. अभियंत्यांच्या मते, कमी विजेवर चालणाऱ्या एलपीडीडीआर जातीच्या स्मृतीस प्रोसेसरच्या अगदी जवळ असावे लागते. खाच व लांब तारमार्ग यांमुळे संकेत बिघडतात. टीकाकारांच्या मते, वाढीव स्मृती खरेदीच्या वेळीच आणि निर्मात्याच्याच दराने घ्यावी लागावी, हा यातील खरा हेतू आहे.

कालक्रम तपासला असता पहिले कारण आरंभीच्या घटनांस लागू पडत नाही. २००८ सालच्या यंत्रात साधी डीडीआर-२ स्मृती होती, तर २०१२ सालच्या यंत्रात डीडीआर-३-एल. या दोन्ही जाती सो-डिम पट्टीवरही मिळत. शिवाय २०१२ साली त्याच कंपनीचा, रेटिना पडदा नसलेला मॅकबुक प्रो दोन खाचांसह विकला जात होता. म्हणजे डाख आधी आला; तांत्रिक अपरिहार्यता मागून आली. प्रारंभीचे उघड कारण जाडी कमी करणे हेच दिसते. व्यापारी हेतूचा लेखी पुरावा हाती नसता तो गृहीत धरणे योग्य नव्हे. परंतु निर्मात्यास त्यातून लाभ झाला, हे नाकारता येत नाही.

पुढील काळात मात्र तांत्रिक कारणास खरोखरच बळ आले. २०२० सालच्या ॲपलच्या एम-१ मध्ये आणि २०२४ सालच्या इंटेलच्या लूनर लेकमध्ये स्मृती प्रोसेसरच्याच वेष्टनात गेली. तरीही हा मार्ग एकमेव नव्हता. डेल कंपनीने २०२२ साली वापरात आणलेल्या सपाट पट्टीच्या आराखड्यावरून जेडेकने २०२३ च्या डिसेंबरात 'कॅम-२' हे प्रमाण प्रसिद्ध केले. स्क्रूने दाबून बसविलेल्या या पट्टीवर एलपीडीडीआर स्मृतीही बदलता येते. २०२४ साली लेनोव्होच्या थिंकपॅड पी-१ या लॅपटॉपात ती प्रत्यक्ष वापरली गेली.

यावरून निघणारा निष्कर्ष मर्यादित, पण महत्त्वाचा आहे. स्मृतिवर्धनाची सोय ग्राहकास हक्क म्हणून कधी मिळालीच नव्हती. ती मोठ्या उद्योगांच्या परस्पर सोयीची उपफलश्रुती होती. म्हणूनच त्या उद्योगांचे हित बदलताच ती विरोधावाचून काढून घेता आली. फ्रान्सने २०२१ साली लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचा निर्देशांक छापणे बंधनकारक केले, आणि भारत सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काविषयीचे संकेतस्थळ सुरू केले. जे योगायोगाने मिळाले होते ते नियमाने मिळविण्याचे हे प्रयत्न होत. त्यांचे मोल ठरविताना, प्रमाणसंस्थांच्या समितीत कोणाचा आवाज होता आणि कोणाचा नव्हता, हे तपासणे अभ्यासकांचे काम आहे. त्यासाठी जाहिरातींपेक्षा न्यायालयांचे निकाल आणि प्रमाणांचे मसुदे ही साधने अधिक विश्वसनीय ठरतील.