वखारीतला माल कुणाचा?

आज आपण एका जुन्या शब्दापासून सुरुवात करू. तो शब्द म्हणजे वखार. राजापूरची वखार, सुरतेची वखार, हे आपण शाळेत पाठ केलेलं आहे. पण वखारीत रोज नेमकं काय चालायचं, हे फारसं कुणी सांगत नाही. जहाजं मोसमी वाऱ्यांवर यायची. तोपर्यंत कापड गोळा करायचं, तपासायचं, गठ्ठे बांधायचे आणि सांभाळून ठेवायचे. गिऱ्हाईक दूर, माल इथे, आणि मधला काळ निभावण्याची जागा ती वखार.

आता मुंबईहून नाशिककडे जाताना भिवंडीच्या आसपास पत्र्याच्या लांबच लांब इमारती दिसतात, त्या आठवा. तिथे साबणापासून सतरंजीपर्यंत सगळं येऊन पडतं, आणि त्यातला बराचसा माल इमारतीच्या मालकाचा नसतोच. कुठल्या तरी लहान गावातल्या विक्रेत्याने तो विकला जाईल या भरवशावर आगाऊ पाठवलेला असतो. ही व्यवस्था नवी वाटते, पण तिच्यामागचे तीन प्रश्न जुने आहेत. बंद गाठोड्यात काय आहे हे कसं ओळखायचं? विकला जाईपर्यंत माल कुणाचा? आणि मधला खर्च कुणी सोसायचा?

पहिला प्रश्न घेऊ. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. भाव आला तशी भेसळही वाढली. गाठीत सरकी, माती, दगड, पाणी, काय वाट्टेल ते निघायचं. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याला गाठ उघडेपर्यंत कळायचं नाही, आणि कळेल तेव्हा पैसे दिलेले असायचे. म्हणून मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापसातल्या फसवणुकीविरुद्ध खास कायदा केला. पुढे १९२५ मध्ये जिनिंग-प्रेसिंगचा कायदा आला. त्याने प्रत्येक गाठीवर अनुक्रमांक आणि प्रेसची ठरलेली खूण घालणं बंधनकारक केलं. म्हणजे गाठ कुठेही उघडली आणि आत दगड निघाला, तरी ती कुठल्या प्रेसमध्ये बांधली गेली हे शोधता येईल.

आता बघा, बारकोडने हेच काम केलं, पण अर्धंच. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायोमधल्या ट्रॉय गावी एका दुकानात च्युइंगमचं पाकीट पहिल्यांदा स्कॅन झालं. त्या पट्ट्यांवरून वस्तू कोणती हे कळतं. पण वस्तू कुणाची हे कळत नाही. एकाच कंपनीचा कंपासपेटीचा डबा दहा विक्रेत्यांनी पाठवला, तर दहाही डब्यांवर तोच बारकोड असणार.

ॲमेझॉनने २००६ मध्ये इतर विक्रेत्यांचा माल स्वतःच्या गोदामात ठेवून तो पॅक करून गिऱ्हाइकाला पाठवण्याची सेवा सुरू केली, तेव्हा ही अडचण समोर आली. तिच्यावरचा एक उपाय म्हणजे वेगळं लेबल. प्रत्येक नगावर असा क्रमांक चिकटवायचा, ज्यातून वस्तू आणि तिचा विक्रेता दोन्ही कळतील, आणि मूळ बारकोड झाकून टाकायचा. नाहीतर स्कॅनर भलताच कोड वाचतो. काही मालाला हे लेबल न लावण्याची मुभा असायची. मग सगळ्या विक्रेत्यांचा सारखा माल एकच समजला जायचा, आणि एकाच्या नकली मालाची बदनामी दुसऱ्याच्या नावावर जाण्याचा धोका असायचा. कापसाच्या गाठीवरची प्रेसची खूण कशासाठी होती, ते इथे पुन्हा लक्षात येतं.

बाकीची तयारीही याच हिशेबाने होते. फुटणारी वस्तू बबलरॅपमध्ये, कापड प्लास्टिकच्या पिशवीत, आणि मोठ्या तोंडाच्या पिशवीवर लहान मुलांच्या गुदमरण्याचा इशारा छापलेला. तीन वस्तूंचा संच असेल तर तो सुटा करू नये अशी सूचना. खोक्यावर वेगळं लेबल, आणि आत किती नग आहेत याची नोंद संगणकावर आधीच भरलेली. आपल्याकडे यात २०११ च्या वैधमापन नियमांची भर पडते, म्हणजे पाकिटावर एमआरपी, निव्वळ वजन किंवा संख्या आणि उत्पादकाचं नाव-पत्ता हवाच. एवढं काटेकोर का? तर गोदामात माल ओळखणारा जुना कोठीवाला नसतो. वस्तू जिथे जागा असेल तिथे ठेवतात, साबणाशेजारी पुस्तक, पुस्तकाशेजारी तवा. ती कुठे आहे हे फक्त संगणकाला माहीत. लेबल चुकलं की वस्तू हातात असूनही हरवली म्हणायची.

दुसरा प्रश्न मालकीचा. भारतात याचं उत्तर कायद्याने दिलेलं आहे. परकी गुंतवणूक असलेल्या कंपनीला ऑनलाइन बाजार चालवता येतो, पण स्वतःच्या मालकीचा माल त्यावर थेट गिऱ्हाइकाला विकता येत नाही. २०१६ मध्ये सरकारने हे स्पष्ट केलं. म्हणून भिवंडीच्या गोदामात पडलेली चादर विकली जाईपर्यंत विक्रेत्याचीच राहते. ॲमेझॉनने २०१३ मध्ये भारतात धंदा सुरू केला, तेव्हा त्यांचं इथलं पहिलं गोदाम भिवंडीतच होतं. यंत्रमागांच्या या गावाला महामार्ग जवळ, न्हावाशेवा बंदर जवळ, आणि मुंबई पालिकेच्या हद्दीबाहेर असल्यामुळे माल उतरवून ठेवताना मुंबईची जकात लागत नसे. २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली, पण गोदामं राहिली.

मालकी विक्रेत्याची म्हणजे कागदपत्रंही त्याचीच. समजा, सोलापूरचा एक चादरवाला आहे. भिवंडीत माल ठेवायचा तर त्याला ते गोदाम आपल्या जीएसटी नोंदणीत जादा व्यवसायस्थळ म्हणून दाखवावं लागतं. तोच माल कर्नाटकातल्या गोदामात ठेवायचा तर तिथे वेगळी नोंदणी हवी. आणि स्वतःचाच माल स्वतःच्याच दुसऱ्या नोंदणीकडे पाठवताना कर भरावा लागतो. चादर अजून विकलेली नाही, पैसे आलेले नाहीत, पण कर भरून झाला. पुढे त्याची वजावट मिळते हे खरं, पण तोपर्यंत भांडवल अडकून पडतं. लहान माणसाला अडचण तिथेच होते.

आता तिसरा प्रश्न. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ही व्यवस्था नवी नाही. अडत्याकडे माल टाकायचा, तो विकेल, आणि हातात हिशेबपट्टी येईल. पट्टीत वरती एकूण रक्कम, खाली वजा-वजा-वजा: आडत, हमाली, तोलाई. ऑनलाइन विक्रेत्याला येणारा हिशेब उघडून बघा. विक्रीवरचं कमिशन, पॅकिंग आणि पाठवणीचा आकार, जागेचं भाडं, परत आलेल्या मालाचा खर्च. नावं बदलली, पट्टी तीच.

पण फरक आहे, आणि आम्हाला तो महत्त्वाचा वाटतो. अडत्याच्या पट्टीमागे दीडशे वर्षांची भांडणं आहेत. वऱ्हाडात कापसाच्या बाजारासाठी १८९७ मध्येच कायदा झाला. १९६३ मध्ये बाजार समित्यांचा कायदा आला आणि अडत्याला परवाना लागू लागला. १९६९ मध्ये माथाडी कायद्याने पाठीवर पोती वाहणाऱ्याला संरक्षण दिलं; त्यामागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती. २०१६ मध्ये फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. हे सगळं आदर्श चाललं असं कुणी म्हणणार नाही. पण नियम कुणी करायचे, यात तिसऱ्या माणसाला जागा होती. ऑनलाइन गोदामात पिशवी कशी असावी, लेबल कुठे लावावं, जागेचं भाडं किती, आणि शंभर नग पाठवले पण सत्त्याण्णव मोजले गेले तर पुरावा कोणता धरायचा, हे जवळपास सगळं गोदामवालाच ठरवतो.

म्हणून ही व्यवस्था वाईट, असा निष्कर्ष आम्ही काढत नाही. सोलापूरच्या चादरीला गुवाहाटीचं गिऱ्हाईक घरबसल्या मिळतं, हे आपल्या आजोबांना खरं वाटलं नसतं. आपल्याला एवढंच म्हणायचं आहे की, वखार म्हणजे नुसती जागा नव्हे, तो दोन पक्षांमधला करार असतो, आणि त्यातल्या दुबळ्या पक्षाला संरक्षण आपोआप मिळालेलं इतिहासात दिसत नाही. ते मिळेपर्यंत जुन्या शेतकऱ्याचा शहाणपणा धरावा. बाजारात नेण्याआधी तो पोती स्वतः मोजून घ्यायचा आणि पट्टी जपून ठेवायचा. आपणही खोकं बंद करण्याआधी नग मोजावेत, वजन टिपावं, फोटो काढावा, खरेदीचं बिल सांभाळावं. माल आपला आहे, तर त्याचा पुरावाही आपल्याच घरात असलेला बरा.

इथे थांबू या. प्रश्न असतील तर जरूर विचारा.