बॉलपेन: उपनगराच्या खिशातले लेखनसाधन

मराठी लेखनसाधनांचा इतिहास बोरूपासून सुरू होतो आणि टाकावरून फाउंटन पेनापाशी येऊन थांबतो. बॉलपेनापर्यंत सहसा कोणी येत नाही. पण गेल्या अर्धशतकातल्या डायऱ्या, हिशेबाच्या वह्या, अर्ज, पावत्या आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिका मुख्यतः त्यानेच लिहिल्या गेल्या.

१८८८ साली अमेरिकेत जॉन लाउड यांनी गोळीच्या पेनाचे पेटंट घेतले. ते चामड्यावर खुणा करण्यापुरते होते. कागदासाठी उपयोगी पेन घडवले ते हंगेरीचे पत्रकार लास्लो बिरो यांनी. छापखान्याची शाई चटकन वाळते, हे पाहून त्यांनी रसायनांचे जाणकार असलेल्या आपल्या भावाच्या मदतीने दाट शाई बनवली आणि १९३८ मध्ये पेटंट घेतले. १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या गिंबेल्स दुकानात असे पेन साडेबारा डॉलरला विकले गेले. १९५० मध्ये मार्सेल बिक यांनी ते अगदी स्वस्त केले, तर १९५४ मध्ये पार्करचे 'जॉटर' आले. भेटीची चीज आणि फेकून देण्याची वस्तू, ही बॉलपेनाची दोन्ही रूपे एका दशकातच सिद्ध झाली.

मुंबईच्या उपनगरांनी दोन्ही रूपे पाहिली. अंधेरी पूर्वेच्या जुन्या नागरदास रस्त्यावरचे 'विल्सन हाऊस' आजही एका जुन्या पेन-नावाची आठवण देते. १९७६ मध्ये सुरू झालेल्या 'फ्लेअर'चा पत्ता कांदिवलीच्या चारकोप औद्योगिक वसाहतीतला. मुंबईच्याच 'सेलो'च्या पेन-व्यवसायात 'बिक'ने २००९ पासून भागीदारी घेतली आणि २०१५ मध्ये तो पूर्ण ताब्यात घेतला.

उपनगरी जीवनाला हे पेन मानवले, त्याची कारणे साधी आहेत. लोकलच्या गर्दीत खिशातले शाईपेन गळे आणि सदरा कायमचा डागाळे. पावसाळ्यात ओल्या बोटाने शाईचे अक्षर पसरे. बॉलपेनाची तेलकट शाई टिकून राही. त्याहून मोठे कारण कार्बन कागदाचे. तीन प्रतींची पावती करायची तर दाब द्यावा लागतो. मऊ निबाला तो सोसत नाही, गोळीला सोसतो. कचेऱ्यांत आणि दुकानांत बॉलपेन शिरले ते या वाटेने.

शाळा मात्र बराच काळ विरोधात होत्या. 'बॉलपेनाने अक्षर बिघडते' हे गुरुजींचे मत निराधार नव्हते. तिरक्या छाटाच्या बोरूने देवनागरीला जाड-बारीक वळण दिले, निबाने ते थोडे राखले. गोळी सगळीकडे एकाच जाडीची रेघ ओढते. शिवाय पेन उभे धरून दाबावे लागते.

चांगल्या बॉलपेनाची ओळख इथेच पटते. टंगस्टन कार्बाइडची, साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून लहान गोळी आपल्या खोबणीत इतकी नेमकी बसावी लागते, की ती फिरावी पण शाई गळू नये. मग बोटांवरचा दाब आपोआप कमी होतो आणि शिरोरेघ न अडखळता निघते. हे काम किती अवघड, याचा दाखला चीनचा: अब्जावधी पेने बनवणाऱ्या त्या देशाला टोकाचे पोलाद आयात करावे लागे, ते स्वतः बनवल्याची घोषणा तिथल्या तैयुआन कारखान्याने २०१७ मध्ये केली. आपल्याकडे पेनाच्या पाकिटावर 'स्विस टिप', 'जर्मन इंक' असे मिरवले जाई, ते याचमुळे.

म्हणूनच दहावीच्या निकालाला किंवा निवृत्तीच्या निरोपाला मखमली डबीतले धातूचे बॉलपेन देण्याची रीत पडली. आयातीवर निर्बंध होते तेव्हा ते आखातातल्या नातेवाइकाकडून येई. नव्वदच्या दशकात पार्कर भारतातच बनू लागले. हातात घेताच वजन जाणवते, खटका दाबताच टोक बाहेर येते. रिफिल संपते, पेन उरते. देणाऱ्याचे नाव त्याला चिकटून राहते, ते या टिकण्यामुळे.

लिहिलेले मात्र तितके टिकेलच असे नाही. बॉलपेनाच्या अनेक शाया उजेडात फिकट होतात. दस्तऐवजी शाईसाठी वेगळे आंतरराष्ट्रीय मानक आहे, पण घरातल्या डायऱ्या ते पाहून लिहिलेल्या नसतात. बखरी आणि मोडी रुमाल आपण जपले. बॉलपेनाने लिहिलेली आजीची हिशेबाची वही दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जाते. उद्या उपनगरी मराठी घराचा इतिहास लिहायचा, तर साधन म्हणून तीच वही लागेल.