केचपचा उलटा प्रवास

बाटली उलटी धरून तळावर थापा मारता मारता भसकन नको तितकं केचप बटाटेवड्याशेजारी येऊन पडतं. लेबलावर हिरवा ठिपका, बाजूला ‘कांदा-लसूण विरहित’. चातुर्मासातही चालावा असा सोज्वळ माल. आता या शब्दाचं बोट धरा आणि मागे चला. वाटेत एकेक जिन्नस गळत जाईल.

१९०६. अमेरिकेतलं पिट्सबर्ग. हाइन्झच्या कारखान्यात शिरलात तर व्हिनेगरच्या वाफेने डोळे चुरचुरतात. बाहेर बाजारात मात्र केचपची पत यथातथाच आहे. डबाबंद टोमॅटोच्या कारखान्यांत उरलेली सालं न् गाभे शिजवायचे, वर रंग चढवायचा आणि आंबू नये म्हणून सोडियम बेन्झोएट घालायचं, असा बऱ्याच जणांचा धंदा. सरकारी रसायनतज्ज्ञ हार्वे वायली या बेन्झोएटच्या हात धुऊन मागे लागलेत, आणि भेसळीविरुद्धचा मोठा कायदा याच वर्षी होतोय. हाइन्झने तोडगा काढलाय तो असा: टोमॅटो चांगले पिकलेले घ्यायचे आणि साखर-व्हिनेगर सढळ हाताने घालायचं. लोणच्यात मीठ-तेल हात राखून घातलं की बुरशी धरते, हे ज्या घरात ठाऊक आहे तिथे ही युक्ती उलगडून सांगायला नको. मुलं बोटाने चाटतात तो गोडमिट्टपणा असा टिकाऊपणाच्या गरजेतून आलाय.

आणखी मागे. १८१२, फिलाडेल्फिया. जेम्स मीस या डॉक्टरांची कृती समोर आहे. टोमॅटोला ते ‘प्रेमफळ’ म्हणतात. पातळ चकत्या, प्रत्येक थरावर मीठ, दिवसभर झाकून ठेवायचं, मग घोटून अर्धा तास मंद आचेवर. त्यात जायपत्री आणि ऑलस्पाइस. गार झाल्यावर बारीक चिरलेला कच्चा छोटा कांदा आणि प्रत्येक बाटलीत थोडी ब्रँडी. साखर नाही, व्हिनेगरही नाही. तुमच्या बाटलीवरचं ‘विरहित’ इथेच निकालात निघालं.

इथून मागे पाऊल टाकलंत की टोमॅटोही जातो.

१७४७, लंडन. हॅना ग्लास बाईंचं पाकपुस्तक नुकतंच छापून आलंय. मुखपृष्ठावर त्यांचं नावही नाही, नुसतं ‘एका बाईने लिहिलेलं’. त्यात एक प्रकरण खास जहाजांच्या कप्तानांसाठी आहे आणि त्यात वीस वर्षं टिकणारं केचप. स्वयंपाकघरात उभे राहा, पण नाकाला रुमाल लावून. चुलीवरच्या भांड्यात गॅलनभर, म्हणजे साडेचार लिटरच्या आसपास, मुरलेली कडक बिअर. त्यात पाउंडभर खारवलेले अँकोव्ही मासे, खारं पाणी धुऊन काढलेले. तेवढेच छोटे कांदे. जायपत्री, लवंग, मिरी, आल्याचे जाड तुकडे आणि हाताने चुरलेल्या मोठ्या अळंब्या. झाकण घट्ट लावून मंद आचेवर, निम्मं आटेपर्यंत. मग फ्लॅनेलच्या पिशवीतून गाळायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं आणि बाटलीत भरायचं. उरतो तो पातळ रस. थापा मारायची गरजच नाही, बाटली कलंडली की सुटलाच. पाउंडभर वितळलेल्या लोण्यात याचा एक चमचा घातला की माशांबरोबर खायचा सॉस तयार, आणि बाटली थेट हिंदुस्थानापर्यंत नेता येईल अशी हमी.

त्या काळच्या इंग्लंडात केचप अळंब्यांचं होतं, अक्रोडांचं होतं, अँकोव्हींचं होतं. खारट, मसालेदार, बाटलीत टिकणारं काहीही या नावाखाली खपायचं. मला विचाराल तर इंग्रजांना चव आवडली होती, पाककृती हाती लागली नव्हती. मग घरात होतं त्यावर भागवलं.

चव मिळाली कुठे? १७११ साली चार्ल्स लॉक्यर या व्यापाऱ्याने आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय: सोया सॉस जपानहून पिंपांतून येतो, उत्तम केचप टोंकिनचं, म्हणजे आजच्या उत्तर व्हिएतनामचं, आणि चीनमध्ये दोन्ही स्वस्त. त्याच व्यापारी मार्गांवरून मलायी ‘बलाचान’, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, पोर्तुगिजांच्या वावरात गोव्यात पोचला आणि ‘बालचांव’ झाला. ते बिचारं निदान समुद्राला धरून राहिलं.

शेवटचा टप्पा दक्षिण चीनचा फुजियान किनारा. मातीच्या रांजणांत मासे आणि मीठ थरावर थर रचून ठेवलंय. माशांच्याच पाचकरसांनी मांस हळूहळू विरघळतं आणि महिन्यांनी तांबूस-तपकिरी, झणझणीत वासाचा रस सुटतो. इथल्या होक्कियन बोलीत खारवलेल्या माशाला ‘के’ म्हणतात आणि रसाला ‘चिअप’. केचपचं मूळ या जोडशब्दात असल्याचं बहुतेक अभ्यासक मानतात. होक्कियन व्यापाऱ्यांनी तो आग्नेय आशियाच्या बंदरांत नेला, आणि तिथे इंग्रजांच्या कानावर पडला.

परतीच्या वाटेवर आजच्या जकार्तात जेवायला थांबलात तर जरा जपून. ‘केचाप’ मागितलंत की समोर काळा सोया सॉस येईल, बहुधा गुळासारखा गोड. लाल हवं असेल तर तिथे ‘साउस तोमात’ मागायचं.